ब्रेकर वन-नाइन... कुणी ऐकतंय का?

मंडळी, आम्ही आयटीवाले दिवसातून किमान दहा वेळा एक प्रश्न विचारतो, ‘कॅन यू हिअर मी?’ आणि त्यातल्या निदान पाच वेळा पलीकडून उत्तर येतं, ‘यू आर ऑन म्यूट!’ वीस वर्षं या देशात कन्सल्टंट म्हणून पोट भरल्यावर माझी खात्रीच झाली होती, की उद्या यमराज न्यायला आले तरी रेड्यावरून उतरायच्या आधी म्हणतील, ‘सर, तुम्ही म्यूटवर आहात!’

गेली काही वर्षं मात्र हाच प्रश्न मी एका वेगळ्याच यंत्रावर विचारतोय. हे यंत्र वयाने माझ्यापेक्षा थोडंसंच लहान आहे. त्याला पडदा नाही, पासवर्ड नाही, म्यूटचं बटण नाही आणि अपडेट तर मुळीच नाही. ते माझ्या जुन्या कॅम्परव्हॅनमध्ये डॅशबोर्डाखाली दोन स्क्रूंवर लटकलेलं असतं. आमच्या घरात त्याला ‘बाबांचं खोकं’ म्हणतात. त्याची ही गोष्ट.

आम्ही राहतो रग्बीला, हिलमॉर्टनच्या बाजूला. रग्बी म्हटलं की लोकांना तो अंडाकृती चेंडू आठवतो. पण या गावाची दुसरी ओळख रेडिओची. १९२६ साली इथे पोस्ट खात्याचं प्रचंड रेडिओ स्टेशन सुरू झालं. प्रत्येकी ८२० फूट उंचीचे बारा मनोरे! ७ जानेवारी १९२७ ला लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये अटलांटिकपारची टेलिफोन सेवा सुरू झाली, ती इथल्याच ट्रान्समीटरवरून. पलीकडे अमेरिकेत आवाज पकडला जायचा मेन राज्यातल्या हौल्टन गावी. मनोरे टप्प्याटप्प्याने पाडले, शेवटचे २००७ साली. आता त्या जागेवर नवी वसाहत उभी राहिली आहे आणि तिचं नावच ‘हौल्टन’ ठेवलंय. रेडिओ स्टेशनच्या एका इमारतीत आता शाळा भरते.

आमच्या शेजारी एक आजोबा राहत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आयुष्यभर लॉरी चालवलेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर नॉरफोकला. माणूस कमी बोलणारा. आमच्यात ‘मॉर्निंग’ आणि ‘कोल्ड टुडे, इझन्ट इट’ यापलीकडे पंधरा वर्षांत फारसं काही झालं नव्हतं. एकदा आमच्या गणपतीचे मोदक दिले तेव्हा दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन, पुसून, वर दोन टोमॅटो ठेवून परत आली होती. बस्स.

२०२१ च्या उन्हाळ्यात भारतात जाणं बंद होतं, म्हणून आम्ही सेकंडहँड कॅम्परव्हॅन घेतली. १९९९ चं मॉडेल, डिझेल, छत वर उचलणारं. सौ.चं पहिलं मत, ‘यात आपण झोपायचं की याने आपल्याला झोपवायचं?’ मी गाडी धूत होतो तेव्हा आजोबा काठी टेकत आले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला काठीने टोचून पाहिलं आणि विचारलं, ‘एरियल कुठे लावणार?’

मला वाटलं, एफएम रेडिओबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, आहे ना, कंपनीचा. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी एक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन दारात उभे. आत चिंध्यांत गुंडाळलेलं एक काळं खोकं, पिळाच्या वायरीचा माईक आणि वेगळ्या पिशवीत चुंबकाच्या बैठकीचा एरियल. ‘तू कॉम्प्युटरवाला ना? चालतो का बघ. नाहीतर फेकून दे.’ ‘फेकून दे’ म्हणताना डबा मात्र त्यांनी लगेच सोडला नाही.

तो होता सीबी रेडिओ. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, सामान्य माणसासाठी राखून ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा. पोलिसांचा नाही, लष्कराचा नाही, परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्या हॅम मंडळींचाही नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात ट्रकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. १९७८ चा ‘कॉन्व्हॉय’ सिनेमा काहींना आठवत असेल. इथे ब्रिटनमध्ये त्याला बंदी होती, तरी लोक अमेरिकन संच गुपचूप आणून वापरत. शेवटी सरकारने हात टेकले आणि २ नोव्हेंबर १९८१ पासून सीबी कायदेशीर केला. पण देतानाही ब्रिटिश खोड सोडली नाही! अमेरिकेत एएम, तर इथे एफएम. फ्रीक्वेन्सीही वेगळ्या. चाळीस चॅनेल आणि ताकद फक्त ४ वॅट, म्हणजे आपल्याकडच्या झिरोच्या दिव्यापेक्षाही कमी. कायदेशीर संचावर ‘सीबी २७/८१’ असा शिक्का असे. आजोबांच्या खोक्यावर तो होता. परवाना पोस्टात मिळायचा, वर्षाला दहा पौंड.

पोस्टात मिळणारा रेडिओचा परवाना म्हटल्यावर मला एकदम आमचं कराडचं दुकान दिसलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शनिवार पेठेत रेडिओ दुरुस्त करत. आपल्याकडेही नुसता रेडिओ ऐकायला १९८० च्या दशकापर्यंत पोस्टातून परवाना काढावा लागे. लोक रेडिओ दुरुस्तीला टाकताना कधीकधी ते तिकिटं चिकटवलेलं पुस्तकही विसरून जात. अण्णांच्या ड्रॉवरमध्ये अशी चार-पाच पुस्तकं पडलेली असत. मी त्या दुकानात वाढलो, पण शिकलो काही नाही. मला कॉम्प्युटरचं वेड. कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंजिनिअर झालो आणि २००३ साली मास्टर्स करायला इकडे आलो. तोवर रेडिओ दुरुस्तीला येणं जवळपास थांबलंच होतं. अण्णा दुकान उघडत, पेपर वाचत आणि बंद करत.

पण जुना संच तपासायची अण्णांची पद्धत माझ्या डोक्यात पक्की बसलेली होती. ‘आधी वास घे. मग बघ. मग मीटर लाव. करंट सगळ्यात शेवटी.’ गिऱ्हाईक घाईला आलं तरी ते हा क्रम मोडत नसत.

मी डब्यातलं खोकं गॅरेजमध्ये टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडून पहिल्यांदा वास घेतला. धूळ, थोडा ओलसर वास, पण जळकट नाही. मग बॅटरीच्या उजेडात पाहिलं. कंडेन्सर फुगलेले नव्हते. वायरीवरचा फ्यूज गंजला होता, तो बदलून दोन अँपिअरचा टाकला. लाल वायर कुठली, काळी कुठली हे मीटरने दोनदा तपासलं, कारण उलटी जोडली की असे संच क्षणात खलास होतात. मग गाडीच्या बॅटरीपासून थेट वायर ओढली. बंद गाडीत साडेबारा व्होल्ट, इंजिन चालू केलं की १३.८ च्या आसपास. ठीक. कळ फिरवली आणि चॅनेलचा लाल आकडा पेटला. पाठोपाठ स्पीकरमधून ती खरखर! कराडच्या दुकानातलीच.

इथे कुणीही उतावळा माणूस माईक उचलतो आणि बोलायला लागतो. तसं करायचं नसतं. एरियल न जोडता किंवा खराब एरियलवर बोलाल तर बाहेर न गेलेली शक्ती संचावरच उलटते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जाळते. त्यासाठी एसडब्ल्यूआर मीटर लागतो. तो संच आणि एरियल यांच्या मध्ये जोडायचा. पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते, ते त्यावर कळतं. आकडा दीडच्या आत असेल तर चार टक्क्यांहून कमी परत येते, म्हणजे उत्तम. तीन आला तर पंचवीस टक्के परत. मग बोलू नये.

माझा पहिला घोटाळा झाला तो एरियल बसवतानाच. चुंबकाची बैठक छतावर ठेवली तर ती घसरून खाली! कॅम्परचं वर उचलणारं छत फायबरग्लासचं, त्याला चुंबक कसला चिकटणार? चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. ते शांतपणे म्हणाले, ‘बाबा, यू हॅव अ मास्टर्स, राइट?’ शेवटी ड्रायव्हरच्या डोक्यावर पत्र्याचा जो भाग आहे तिथे तो बसवला. आणि बसायला तो पत्राच हवा, कारण एरियलला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीचा एरियल म्हटलं तरी पावणेतीन मीटरचा होईल. म्हणून तळाशी तारेचं वेटोळं घालून तो आखूड केलेला असतो आणि उरलेलं काम गाडीचा पत्रा करतो.

मीटर लावला, बटण क्षणभर दाबलं. काटा तीनच्याही पलीकडे. आलं का! बरीच झटापट केल्यावर कारण सापडलं. एरियलच्या केबलच्या टोकाला जो प्लग असतो, त्याच्या आतली जाळी तुटून लोंबत होती. वीस वर्षांनी हातात सोल्डरिंगची इस्त्री धरली. पहिला डाग फसला, दुसरा फसला. ‘आधी तार तापव, मग शिसं लाव, शिसं तापवत बसू नको,’ हे वाक्य आठवलं आणि तिसरा चकचकीत बसला. पुन्हा मोजलं. चॅनेल १ वर दीड, चॅनेल ४० वर दोन. वरच्या चॅनेलला आकडा जास्त म्हणजे एरियल किंचित लांब. टोकाची काडी चार-पाच मिलिमीटर आत सरकवली, पुन्हा मोजलं, पुन्हा सरकवली. शेवटी दोन्हीकडे साधारण दीड. जमलं.

आता फक्त बोलायचं बाकी होतं. चॅनेल १९ हे लॉरीवाल्यांचं. पद्धत अशी, की बटण दाबून म्हणायचं, ‘ब्रेकर वन-नाइन फॉर अ रेडिओ चेक.’ म्हणजे ‘मध्येच बोलतोय, माफ करा, माझा आवाज येतोय का तेवढं कुणी सांगा.’ मी माईक तोंडाजवळ आणला, बटण दाबलं... आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? शंभर माणसांच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देणारा माणूस मी. पण तिथे समोर कोण आहे हे माहीत असतं. इथे कोण ऐकतंय, कुणाला माझे उच्चार ऐकून हसू येईल, कुणी ‘गो होम’ म्हणेल, काही ठाऊक नाही. आणि दुसरंही एक कारण होतं, ते मात्र मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात अण्णा गेले. भारत तेव्हा इथल्या लाल यादीत होता. निघून वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं. चुलतभावाने स्मशानातून फोनवर दाखवलं. आम्ही सगळे नातेवाईक त्या कॉलवर, कुणी पुण्यात, कुणी न्यूजर्सीत, कुणी मेलबर्नला. सगळ्यांच्या घरातले आवाज एकमेकांत मिसळायला लागले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘सगळ्यांनी म्यूट करा, गुरुजींचं ऐकू येत नाही.’ मी केलं. अग्नी देताना मी अण्णांशी दोन वाक्यं बोललो. कॉल संपल्यावर लक्षात आलं, मी म्यूटवर होतो. ऐकणारा तर गेलाच होता, त्यामुळे म्यूट असला काय आणि नसला काय. पण ते मनातून जात नव्हतं.

तर तो माईक मी तसाच खाली ठेवला. पुढचे दोन आठवडे नुसता ऐकत राहिलो. ऐकायला तसं काही नव्हतंच.

आजोबांनी कुंपणावरून विचारलं, ‘चालतो?’ मी म्हटलं, चालतो, पण तिकडे कुणीच नाही. ते म्हणाले, ‘घरासमोर गाडी उभी करून कोण भेटणार? रात्री नऊनंतर ए-फाइव्हवर लेबायमध्ये जाऊन उभा राहा. आणि तो फोनचा चार्जर काढ.’ चार्जरचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सिगारेट लायटरच्या भोकात लावलेला माझा स्वस्तातला चार्जर उपटला आणि निम्मी खरखर एकदम गायब झाली! त्या चिमुकल्या चार्जरमधून निघणारा गोंगाट दुरून येणाऱ्या बारीक आवाजांना गिळून टाकतो.

त्या शुक्रवारी मी ए-फाइव्हवर गेलो. रोमन काळापासूनचा हा रस्ता. आता त्याच्या कडेला डेव्हेंट्रीचं मालवाहतुकीचं मोठं केंद्र आहे, रात्रभर लॉऱ्यांची ये-जा. बाजूला गाडी लावली, इंजिन बंद केलं, बटण दाबलं आणि डोळे मिटून एका दमात म्हणून टाकलं. ‘ब्रेकर वन-नाइन फॉर अ रेडिओ चेक.’ बटण सोडलं. खरखर. पुन्हा म्हटलं. खरखर. तिसऱ्यांदा म्हटलं आणि खरखर एकदम थांबली. एफएममध्ये समोरचा बोलायला लागण्याआधी अशी क्षणभर शांतता पसरते. मग एक जाडा, झोपाळू आवाज, ‘लाउड अँड क्लिअर, मेट. व्हॉट्स द हँडल?’

हँडल म्हणजे सीबीवरचं टोपणनाव. खरं नाव कुणी सांगत नाही. माझी तयारीच नव्हती. घाईत गावाचं नाव सांगितलं, ‘कराड.’

‘कॅरट?’

‘नो, कराड.’

‘रॉजर, कॅरट. सेफ जर्नी.’

झालं! सांगलीकर सांगलीचे, पुणेकर पुण्याचे आणि मी गाजराचा. तेव्हापासून मिडलंड्सच्या हवेत मी ‘कॅरट’ आहे. घरी येऊन सांगितलं तेव्हा सौ. इतकी हसली, की भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी आजोबांना सांगितलं, तर त्यांनीही आपलं हँडल सांगितलं, ‘केटल’. गाडीत कायम चहाचा थर्मास असायचा म्हणून. आठवड्याभरात त्यांनी माळ्यावरून दुसरा संच काढायला लावला आणि मी तो त्यांच्या खिडकीत बसवून दिला. छताच्या कोपऱ्यावर मोठा एरियल उभा केला. रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओ चेक सुरू झाला. मी कामावरून परत येताना गाडी बाजूला घेऊन बोलायचो, ते घरातून. कुंपणावर न बोलणारा माणूस माईकवर घडाघडा बोलायचा! समोरासमोर डोळ्यात बघावं लागतं, इथे लागत नाही, म्हणून असेल.

त्यांच्याकडून मी त्या काळच्या गोष्टी ऐकल्या. मोबाइल नव्हते तेव्हा बर्फात अडकलेल्या लॉऱ्या एकमेकांना रस्त्याची खबर कशी द्यायच्या. पोलीस पुढे उभे असले की कसं कळायचं (यावर जास्त लिहीत नाही). चॅनेल ९ अडचणीच्या वेळेसाठी मोकळं ठेवायचा रिवाज. प्रत्यक्ष भेटीला ‘आयबॉल’ म्हणत. आणि त्यांची पत्नी त्यांना पहिल्यांदा भेटली ती सीबीवरच. दोन महिने नुसत्या आवाजाची ओळख, मग एका ट्रान्सपोर्ट कॅफेत आयबॉल. हे त्यांनी पंधरा वर्षांच्या शेजारात कधी सांगितलं नव्हतं.

मीही एक दिवस त्यांना सांगितलं, की आमच्या पुण्याजवळच्या खडकीला आणि दौंडला १९२७ सालीच बीम वायरलेसची केंद्रं होती. त्यांच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय आयर्विन आणि राजे पंचम जॉर्ज यांनी एकमेकांना संदेश पाठवले. १९३३ मध्ये ब्रिटन आणि भारत यांच्यात रेडिओ-टेलिफोनही सुरू झाला. ‘म्हणजे तुझा-माझा संबंध जुना आहे,’ केटल म्हणाले. मग मी अण्णांबद्दलही सांगितलं. दुकानाबद्दल, ‘आधी वास घे’बद्दल आणि त्या म्यूटबद्दलही. बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, सिग्नल गेला. मग ते म्हणाले, ‘कॉपी दॅट, कॅरट.’ मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं काही म्हणाले असते तर मला आवडलं नसतं.

मुलांना या सगळ्यात फारसा रस नव्हता. चिरंजीवांचा अभिप्राय, ‘हे डिस्कॉर्डच आहे, फक्त खराब आवाजाचं.’ पण २०२३ च्या जूनमध्ये एका दुपारी खोकं अचानक जिवंत झालं. इटालियन वाटावेत असे आवाज, एकावर एक, जणू शेजारच्या गल्लीत भांडण चाललंय! उन्हाळ्यात कधीकधी शंभरेक किलोमीटर उंचीवर वातावरणाचा एक थर असा काही विद्युतभारित होतो, की या लहरी त्याच्यावरून परावर्तित होऊन हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. त्याला ‘स्किप’ म्हणतात. एरवी दहा मैल न जाणारा चार वॅटचा आवाज अशा वेळी समुद्र ओलांडतो. लेक धावत आली आणि तासभर हललीच नाही. मध्ये ना कुठली कंपनी, ना केबल, ना सर्व्हर, हे तिला पटवून देताना माझी दमछाक झाली.

खराखुरा उपयोगही झाला. त्याच वर्षी मंडळातली आम्ही दोन कुटुंबं लेक डिस्ट्रिक्टला गेलो. मित्राच्या गाडीत मी दुसरा संच लावून दिला होता. हार्डनॉट पास म्हणजे एका गाडीपुरता रस्ता, काही ठिकाणी तीनास एक चढ आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी शून्य काड्या. पुढच्या गाडीतून वहिनी सांगायच्या, ‘समोरून लाल गाडी येतेय, तुम्ही खालच्या रुंद जागेतच थांबा.’ मागून सौ., ‘थांबलोय. डबा कुणाकडे आहे?’ मध्येच एक अनोळखी ब्रिटिश आवाज, ‘लव्हली language, व्हॉट इज इट?’ वहिनींनी ठणकावून सांगितलं, ‘मराठी!’ (गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने बोलायचं, हा आमचा नियम. हातात मोबाइल धरून गाडी चालवायला इथे २००३ पासून बंदी आहे. टू-वे रेडिओ त्या बंदीत येत नाही, पण गाडीवरचा ताबा सुटला तर कायदा तोच.)

२०२४ च्या सप्टेंबरात आजोबांची मुलगी त्यांना नॉरफोकला घेऊन जायला आली. गुडघे थकले होते, जिना चढवेना. घर विकलं गेलं. निघायच्या आदल्या दिवशी ते कुंपणावर आले आणि म्हणाले, ‘एक टेस्ट राहिलीय. रेंजची.’

त्यांच्या मुलीच्या गाडीत मी आमचा दुसरा संच लावला, एरियल छतावर बसवला, मीटर लावून पाहिला. दीड. सकाळी दहाला ते निघाले. मी कॅम्पर घेऊन बार्बी गावाच्या चढावर जाऊन उभा राहिलो, कारण उंचावरून लांबपर्यंत पोचतं. मुलगी गाडी चालवत होती, माईक आजोबांच्या हातात.

‘कॅरट, कॅरट, रेडिओ चेक.’

‘लाउड अँड क्लिअर, केटल.’

एम-वनजवळ आले तेव्हा आवाज स्वच्छ होता. ए-फोर्टीनला लागले, तेव्हा बारीक खरखर सुरू झाली. ते रस्त्यात काय काय दिसतंय ते सांगत होते. पूर्वी इथे कॅफे होता, तिथे अंडी चांगली मिळायची. वेलफर्डचा फाटा आला म्हणाले. मी स्क्वेल्चची कळ पूर्ण उघडली. या कळीने एरवीची खरखर दाबून ठेवतात. ती उघडली की कानाला त्रास होतो, पण अगदी क्षीण आवाजही हाती लागतो. ‘...स्टिल देअर, कॅरट?’ मी म्हटलं, आहे. मग दोन-तीन शब्द तुटक आले, ‘मोदक’ त्यातला एक होता असं मला वाटलं. आणि मग नुसती खरखर.

मी अजून पाच-सहा मिनिटं थांबलो. मग बटण दाबलं आणि का कोण जाणे, मराठीत बोललो. ‘सावकाश जा.’ बटण सोडलं. गाडी वळवून घरी आलो.

फोन आहेच. दर रविवारी त्यांना करतो, ते चार वाक्यं बोलून ठेवून देतात. सीबीसारखे खुलत नाहीत.

मंडळी, कुणाच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर किंवा सेकंडहँड गाडीत असं काळं खोकं सापडलं तर फेकू नका. डिसेंबर २००६ पासून इथे त्याला परवानाही लागत नाही आणि २०१४ पासून एएम आणि एसएसबीलाही मुभा आहे. भारतातही २००५ पासून या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय चालतात. आधी वास घ्या, मग बघा, मग मीटर लावा. करंट सगळ्यात शेवटी. आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर ए-फाइव्हवरून जात असाल, तर चॅनेल १९ वर एकदा हाक मारा. उच्चारांची काळजी करू नका. कॅरट बहुतेक ऐकत असेल.